अर्धा काढून घ्या

गडहिंग्लजच्या हिरण्यकेशी कॉलनीत चोरी झाली तर माणसं आठवड्याभरात विसरायची, पण कुणी कुणाचा डबा रिकामा परत केला तर ते जन्मभर लक्षात ठेवायची. शेजारणीनं वाटीभर आमटी पाठवली की ती वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी हवंच. घरात काही नसलं तर चार शेंगदाणे, नाहीतर चिमूटभर साखर. वृषाली घाटगेच्या नणंदेनं एकदा पुरणपोळ्यांचा डबा धुऊन, पुसून, लख्ख करून रिकामा परत पाठवला होता. तेव्हापासून वृषाली तिच्याशी फक्त लग्नात आणि मयतीला बोलायची, आणि तेही मोजकंच.

शेजारची हर्षदा चौगुले मात्र तिच्या जिवातली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन कॉलनीत आल्या. आता वृषाली, हर्षदा, स्नेहल ही सगळी आज्यांची नावं झाली होती. एवढ्या वर्षांत एक स्टीलचा डबा दोन घरांमधल्या कठड्यावरून सारखा ये-जा करत होता. त्यावर कुणाचंतरी नाव कोरलेलं होतं, पण ते घासून घासून पुसट झालेलं. डबा मुळात कुणाचा, हे विचारायची वेळच आली नाही, कारण तो कुठल्याच घरात एका दिवसापेक्षा जास्त टिकायचा नाही.

त्या दिवाळीला वृषालीची मुलगी शर्वी पुण्याहून आली ती एक मोठी काचेची बरणी घेऊन. बरणीत तळाशी पांढरा, लुसलुशीत गोळा होता.

"हे काय? लोणी?" वृषालीनं विचारलं.

"आई, हे माझं सहा वर्षांचं काम आहे."

"मग झाकण नीट लावत जा की."

शर्वी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांवर काम करायची. तिनं आणि तिच्या गटानं काही बुरशा, काही यीस्ट आणि काही जिवाणू यांचं एक कुटुंब जमवलं होतं. एकाचं उष्टं दुसरा खायचा, दुसऱ्याचं तिसरा. या कुटुंबाला घरातलं शिळंपाकं घातलं की ते त्याचं रूपांतर उत्तम प्रथिनांत करायचं, आणि ती प्रथिनं ताज्या पनीरसारखी लागायची. प्रयोगशाळेत त्याचं नाव लांबलचक होतं. वृषालीनं बरणी एकदा हलवून बघितली, गोळा गुबगुबीत डुलला, आणि तिनं त्याचं नाव गट्टू ठेवलं.

"नीट ऐक," शर्वी म्हणाली. "बरणीत थोडाच गट्टू असेल तर वाढणारे जीव थोडे, म्हणून वाढ थोडी. बरणी गच्च भरली तर खायला कमी आणि जागाही कमी, म्हणून तेव्हाही वाढ थोडी. बरणी अर्धी असते ना, तेव्हा तो सगळ्यात जोमानं वाढतो. म्हणून रोज अर्धा काढायचा, शिजवायचा आणि खायचा. शिजला की मरतो, काळजी नाही. उरलेला अर्धा परत दुप्पट."

"म्हणजे अर्धा काढला तरी कमी होत नाही?"

"अर्धा काढला म्हणूनच कमी होत नाही."

वृषालीला हे फार पटलं. तिच्या मते संसाराचंही असंच होतं.

बरणीचं झाकण जाडजूड होतं आणि त्यात एक यंत्र होतं. आतल्या वायूंवरून त्याला गट्टूची भूक कळायची. मग झाकणातून एका अतिशय नम्र पुणेरी बाईचा आवाज यायचा: "काही शिल्लक आहे का? मला भूक लागली आहे." खायला घातलं की थोड्या वेळानं, "धन्यवाद. आता अर्धा काढून घ्या."

"फक्त शिळंच घालायचं," शर्वीनं जाताना बजावलं. "प्रयोग आहे, कुणाला द्यायचा नाही. आणि कधी जास्त झालाच तर उकळायचा आणि टाकून द्यायचा."

"टाकून?" वृषाली म्हणाली. "अन्न?"

शर्वीला बस पकडायची होती. नाहीतर त्या दोन शब्दांतच तिला पुढचं सगळं दिसलं असतं.

पहिला महिना मोठ्या कौतुकात गेला. वृषालीनं गट्टूचा झुणका केला, वड्या केल्या, भरली वांगी केली. तिचा नवरा रणजित पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, खाण्याच्या बाबतीत जुन्या वळणाचा. त्यानं झुणका मुकाट्यानं खाल्ला, पण तांबड्या रश्श्यात गट्टू तरंगताना दिसल्यावर तो ताटावरून उठला. "वृषाली, प्रयोग घरात कर, रश्श्यात करू नको," एवढंच बोलला.

वड्यांचा डबा अर्थातच कठड्यावरून पलीकडे गेला. हर्षदानं खाल्ल्या आणि ती लगेच आली.

"काय भारी लागतंय गं! मला पण दे की चमचाभर विरजणाला."

कुणाला द्यायचा नाही, असं शर्वीनं सांगितलेलं वृषालीला आठवलं. पण विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं कसं, हे काही शर्वीनं सांगितलेलं नव्हतं. तिनं वाटीभर गट्टू दिला आणि शर्वीनं ठेवलेलं जादा झाकणही दिलं. हर्षदानं दुसऱ्या घरी विरजण दिलं, त्या घरानं दोन घरी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर स्नेहल कुंभारनं गट्टू वाण म्हणूनच लुटला. प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा बरं, असं सगळ्याच म्हणाल्या. ज्यांच्याकडे बोलणारं झाकण नव्हतं त्यांनी तो पातेल्यात ठेवला आणि वर ताटली घातली. सकाळी ताटली जमिनीवर आणि गट्टू ओट्यावर.

कॉलनीची घंटागाडी रिकामी परत जाऊ लागली. घंटागाडीवाल्याला वाटलं लोक आपल्यावर रागावले आहेत. नगरपालिकेनं कॉलनीला स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र दिलं आणि ते घ्यायला गेलेल्या बायकांनी नगराध्यक्षांनाही एक वाटी गट्टू दिला.

मग हळूहळू गंमत उलटली.

वृषालीकडे रोज अर्धी बरणी निघायची. दोन माणसं खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं हर्षदाच्या डब्यात जायचं. हर्षदाकडे तर खाणारी ती एकटीच आणि बरणी तेवढीच. तिचं उरलेलं त्याच डब्यातून परत यायचं. पहिले काही दिवस दोघींनी एकमेकींच्या पाककौशल्याचं कौतुक केलं. मग कौतुक थोडक्यात आटपायला लागलं. पुढे पुढे डबा कठड्यावर ठेवताना दोघी एकमेकींकडे न बघता "घे गं," "आणलंस व्हय," एवढंच म्हणायच्या. टाकून देणं कुणालाच शक्य नव्हतं. डबा रिकामा परत करणं तर विचारातही येत नव्हतं.

आणि शिळंपाकं संपलं. सगळी कॉलनी गट्टू खाऊन टम्म झालेली, त्यामुळे भात उरेना, पोळी उरेना. पण झाकण आपलं वेळेवर विचारायचं: "काही शिल्लक आहे का? मला भूक लागली आहे."

वृषालीच्या घरात कुणी भूक लागली म्हणावं आणि तिनं नाही म्हणावं, असं आजवर झालं नव्हतं. मीटर वाचायला आलेला माणूससुद्धा पोहे खाऊन जायचा. तिनं सकाळी उठून चार भाकऱ्या जास्त थापल्या. शर्वीनं फक्त शिळंच घाल म्हटलं होतं, म्हणून ती भाकऱ्या टोपलीत ठेवून तासभर तिकडे पाठ करून बसायची. तासाभरानं त्या शिळ्या झाल्या असं समजून बरणीत घालायची. चाराच्या आठ झाल्या. आठाच्या किती झाल्या ते तिनं रणजितला कळू दिलं नाही. पण पिठाची पोती त्याच्याच खांद्यावरून येत होती.

"अगं, आपण दोघं अर्धी अर्धी भाकरी खातो. गिरणीवाला मला विचारतोय, घरात लग्न आहे काय?"

"हाय म्हणायचं."

शेवटी त्यानंच शर्वीला फोन लावला आणि आवाज मोठा करून मोबाईल ओट्यावर ठेवला. शर्वीनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, भाकऱ्या करून घालतेस?"

"शिळ्या करून घालते."

"अगं आई! ऐक. उन्हातली ऊर्जा जोंधळ्यात येते. तीही सगळी नाही, अगदी थोडी. जोंधळ्याची भाकरी होते, भाकरी गट्टू खातो, गट्टू तू खातेस. दर पायरीला बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. गवत खाऊन हरीण आणि हरीण खाऊन वाघ, तिथं ढोबळमानानं दहातला एकच हिस्सा वरच्या पायरीला पोचतो. म्हणून रानात गवत ढीगभर आणि वाघ मात्र मोजके. आमचा गट्टू काटकसरी आहे, तो दहातले तीन राखतो. पण सात गेलेच ना? तू दहा भाकऱ्या घालून तीन भाकऱ्यांएवढा गट्टू मिळवतेस. शिळ्याचं ठीक आहे, ते वायाच जाणार होतं. ताज्या भाकऱ्यांचा हा नुसता तोटा आहे."

"मग एक वाघ पाळूया," रणजित म्हणाला. "सगळी कॉलनी एका पायरीत मोकळी होईल."

"बाबा, गप्प बसा. आई, त्या हर्षदाकाकूंकडून येणाऱ्या डब्याचं काय करतेस?"

वृषाली घुटमळली. "खातो की. जमेल तेवढं."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं म्हणजे शिळंच झालं की. गट्टूलाच घालते."

"आणि तुझा डबा काकू त्यांच्या गट्टूला घालत असणार," शर्वी म्हणाली. "म्हणजे तुझा गट्टू त्यांचा गट्टू खातोय आणि त्यांचा तुझा. दर फेरीला सत्तर टक्के हवेत. तुम्ही दोघी मिळून काय तयार करताय माहितेय? ऊब. फक्त ऊब!"

वृषालीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. या हिवाळ्यात तिला स्वेटर लागला नव्हता, हे खरं.

"खायला घालणं बंद कर," शर्वी म्हणाली. "त्याला काही होत नाही. जेवढं अन्न तेवढाच जीव, निसर्गात हे आपोआप होतं. तो लहान होईल आणि तुझ्या खऱ्या शिळ्यापुरता उरेल."

"बंद करायचं म्हणजे हर्षदाचा डबा कशानं भरू?"

"नको भरूस."

"तू पुण्यात राहून फार शिकलीस," असं म्हणून वृषालीनं फोन बंद केला.

खरी अडचण तीच होती. भुकेचं तिला वाईट वाटायचं, पण भाकऱ्या ती गट्टूसाठी थापत नव्हती. हर्षदाचा डबा आला की तो परत भरून गेला पाहिजे आणि भरायला गट्टूशिवाय घरात काही उरलं नव्हतं, म्हणून ती थापत होती. कारण डबा रिकामा गेला असता तर एवढ्या वर्षांची मैत्री नणंदेच्या वाटेनं गेली असती. बाळंतपणात वृषालीची वेणी घालायला आली ती हर्षदा. हर्षदाचा नवरा गेला तेव्हा तिला बळंच दोन घास भरवले ते वृषालीनं. असलं माणूस एका डब्यापायी घालवायचं? त्यापेक्षा भाकऱ्या परवडल्या.

भाकऱ्या परवडल्या तरी हात परवडेनात. एका सकाळी घाईत तिचं मनगट तव्याला लागलं आणि लांबलचक चटका बसला. त्याच दुपारी हातावर कोरफड लावून, डबा गच्च भरून ती हर्षदाकडे गेली. कठड्यावर हल्ली हर्षदा येतच नव्हती.

बेल वाजवली. आतून कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मग एकदम शांतता. वृषाली खिडकीशी गेली आणि पडद्याच्या फटीतून आत डोकावली.

हर्षदा सोफ्याच्या मागे जमिनीवर बसली होती. वाकळेत गुंडाळलेली बरणी तिनं मांडीवर धरली होती आणि झाकणावर दोन्ही हात दाबून धरले होते. वाकळेच्या आतून दबलेला, नम्र आवाज येत होता: "काही शिल्लक आहे का?" "गप की मेल्या, ती बाहेर हाय!" हर्षदा कुजबुजली.

वृषाली आली तशी परत फिरली. डबा तिनं स्वतःच्याच ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिली. रणजितनं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. हर्षदा माझ्यापासून लपती." एवढं बोलली आणि तिला रडूच आलं. रणजितनं बरणीकडे असं पाहिलं की वाघ खरंच मिळाला असता तर त्यानं तो आजच बांधला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भरलेला डबा रणजितच चौगुल्यांच्या दारात ठेवून आला. वृषालीनं पाठवला नव्हता. पण भरलेला डबा घरात पडून राहणं त्यालाही बरं वाटेना.

दुपारी हर्षदा आली. कठड्याशी न येता समोरच्या दारानं आली, साडी बदलून, हातात तो डबा घेऊन. वृषालीनं तो घ्यायला सवयीनं दोन्ही हात पुढे केले, खालून जोर लावून धरला, आणि डबा एकदम वर आला. तो हलका होता.

तिनं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. शेंगदाणा नाही, साखर नाही. आतला तळ लख्ख होता आणि त्यात तिचंच तोंड दिसत होतं.

वृषालीच्या डोळ्यांपुढे नणंद उभी राहिली.

"घासून आणलाय," हर्षदा म्हणाली. "दोनदा घासला."

"का गं?"

"काल खिडकीत तुला बघितलं मी. तुझा हात बघितला, कोरफड लावलेला. मनगटावर चटका कशाचा बसतो ते मला ठाऊक हाय." तिनं पदर सरकवून स्वतःचं मनगट पुढे केलं. तिथंही तसाच एक लांब, तांबूस वण होता. "पहाटेपासून तुझा तवा तापलेला असतो. वास येतो की इकडं. माझाही तापलेला असतो. कुणासाठी थापतीस तू?"

"तुझ्या डब्यासाठी."

"आणि मी तुझ्या."

दोघी एकमेकींच्या मनगटांकडे बघत राहिल्या.

"कुणीतरी थांबायला पाहिजे का नको?" हर्षदा म्हणाली. "तू थांबणार नाहीस. तुझा स्वभाव मला माहीत न्हाई व्हय? मरशील पण डबा भरशील. काल लपले ना, त्याची लाज वाटली मला. रात्रभर विचार केला. म्हटलं, वाईटपणा मी घेते. तुला राग आला तर येऊ दे, बोलू नकोस माझ्याशी नणंदेसारखी. पण हात तरी बरा होईल तुझा."

वृषालीला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. तिनं रिकामा डबा छातीशी धरला. आजवर या डब्यातून लाडू आले, सांडगे आले, हर्षदाच्या माहेरची काजूची उसळ आली. पण त्यातून एवढं काही कधी आलं नव्हतं.

"अगं वेडे," ती म्हणाली, "त्या नणंदेनं पुरणपोळ्या खाऊन रिकामा पाठवला होता. तुझं आणि तिचं एक हाय काय?"

तेवढ्यात ओट्यावरून नम्र आवाज आला: "काही शिल्लक आहे का? मला भूक लागली आहे."

दोघी दचकल्या. वृषाली उठली. सवयीनं हात टोपलीकडे गेला. टोपलीत सकाळच्या भाकऱ्या होत्या, तासाभरापूर्वीच शिळ्या केलेल्या. हर्षदानं तिचा पदर धरला.

वृषाली बरणीसमोर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणालातरी हे सांगणार होती.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "आज काही नाही."

मग तो पुणेरी आवाज म्हणाला, "हरकत नाही. मी थोडा लहान होईन."

झाकणाला बोललेलं ऐकू येतं आणि हे वाक्य त्यात आहे, हे त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. शर्वीनं ते पहिल्याच दिवशी भरून ठेवलं होतं, पण ते ऐकू यायला कुणीतरी आधी नाही म्हणायला हवं होतं. सगळ्या कॉलनीत ते कुणाला जमलं नव्हतं.

हर्षदा आधी हसली आणि मग खुर्चीवर बसून पोट धरून हसली. रणजित आतून बघायला आला. दोन म्हाताऱ्या एका बरणीपुढे डोळे पुसत हसत आहेत, असं त्याला दिसलं. त्यानं काही न विचारता टोपलीतली एक भाकरी घेतली, ठेचा घेतला आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. "लई दिवसांनी भाकरी भाकरीसारखी लागली," तो म्हणाला. मग त्या दोघीही बसल्या, आणि टोपली तिघांनी मिळून संपवली.

पुढे गट्टू खरंच लहान झाला. आठवड्याभरात तो मुठीएवढा झाला आणि तेवढाच राहिला. एखाद्या दिवशी वाटीभर भात उरला तर तो खायचा, नाही उरला तर झाकण "हरकत नाही" म्हणायचं. कॉलनीतल्या इतर घरांतही तसंच झालं, कारण घाटग्यांच्या घरात डबा रिकामा गेला, ही बातमी घंटागाडीच्याही आधी सगळीकडे पोचली होती.

त्या दुपारी हर्षदा जायला निघाली तेव्हा वृषालीनं तिला दारात थांबवलं.

"डबा राहिला की तुझा."

हर्षदानं डबा हातात घेतला. त्याचं वजन घेऊन बघितलं, कानाशी नेऊन हलवला. आत काहीच वाजलं नाही.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि डबा काखेत मारून घरी गेली.